तलावाचा वाटा

“पुस्तकात मासोळीचा वास येते का?” बाबांनी पाण्यातून विचारलं.

“नाही.”

“मंग कायची मासोळी ते.”

मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या सावलीत एक जाडजूड पुस्तक घेऊन बसले होते. बाबा खाली पोटरीभर पाण्यात उभे राहून बेशरम उपटत होते. ही जांभळ्या फुलांची झुडपं उपटून फेकली तरी फेकल्या जागी पुन्हा रुजतात. त्यांनी एकदा काठ धरला की पाण्यातली बाकीची झाडं मरतात, आणि ती मेली की मासोळीला अंडी घालायला जागा उरत नाही. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. एका हाताने बुंधा धरून ते ओढत, आणि मूळ निघालं की विहिणीला टोमणा मारावा तसं त्या झुडपाला काहीतरी ऐकवत.

तो मे महिन्यातला सोमवार होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसात सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणूनच बहुधा तो मला अख्खा आठवतो. मी भंडाऱ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुट्टी लागली की आठ दिवस कोसमडीला येत असे. नवरा आणि मुलगा मागाहून येत. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. बाबा एकटे राहात, एकटेच रांधत, आणि मी आले की माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवत.

“शनिवारी जाळं आहे,” ते काठाला येत म्हणाले. “पाणी पाह्यलं? आणखी आठ दिवस थांबलं तर मासोळी गरम पाण्यातच शिजून जाईल. हळद-मीठ टाकलं की झालं.”

आमच्या गावच्या सोळा ढिवर, म्हणजे मासेमार, घरांचा तो तलाव. दर उन्हाळ्यात पाणी आटून मधल्या डोहापुरतं उरलं की वर्षातलं शेवटचं मोठं जाळं ओढलं जाई. सगळी मासोळी पाळीखाली ओतायची आणि तिचे सतरा ढीग लावायचे. सोळा ढीग सोळा घरांचे, सतरावा तलावाचा. तलावाच्या ढिगात जी मासोळी जिवंत असेल ती परत पाण्यात सोडायची, मेलेली तिथेच शिजवून सगळ्यांनी खायची. कोणता ढीग कोणाचा हे ठरवायचं कसं, तर एका माणसाने ढिगांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर काठी धरून विचारायचं, “हा कोणाचा?” पाठमोऱ्याने मनाला येईल ते नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून भांडण नाही. काठी कवडूकाका दिघोरे धरत. पाठ बाबांची असे. मला कळायला लागल्यापासून असंच होतं.

“औंदा मरळ नऊच आहेत,” बाबा माझ्या शेजारी टेकत म्हणाले. “मोठ्या, अंड्यावर येणाऱ्या. दम घ्याले वर येतात तेव्हा मोजल्या. मागच्या साली यशोदेच्या घरी गेल्या ना सगळ्या. औंदाही कोणाच्या घरी गेल्या तर संपलं. रोहूचं बीज सरकार देते. मरळीचं कोण देईल?”

मोठ्या मरळी हीच त्या वाटपातली गोम. सात-आठ-नऊ मरळी सतरा ढिगांत वाटता येत नाहीत, म्हणून त्या सगळ्या एकाच ढिगात ठेवत. ओल्या पोत्याखाली त्या तासन्तास जगतात. तो ढीग ज्याच्या नावाला लागला त्याची दिवाळी. बहुतेक वर्षी तो तलावाच्या नावाला लागे. लोक हळहळत, हसत, म्हणत, तलावाचं नशीब जबर आहे.

“मरळ कोणाला जायची ते काय तुमच्या हातात आहे?” मी पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.

“माह्या हातात काय आहे. नशीब असते.” त्यांनी पायाचा चिखल काडीने खरवडायला घेतला. मग म्हणाले, “वनू, एखाद्या साली तू राहशील का उभी? पाठ करून?”

“मी?”

“मले आता उभं राहून चक्कर येते. तुह्या नावाला ढीग नाही, तू बाहेरची. लोकाइले पटेल.”

“मला नको, बाबा.”

“काहून?”

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. अठ्ठावीस वर्षांपासून तयार होतं. मी पान उलटलं आणि म्हटलं, “उन्हात मला सोसत नाही.”

“पुस्तकाची सावली करजो मंग. एवढं जाड आहे.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि पुन्हा पाण्यात उतरले. संध्याकाळी आम्ही बोटरीचं, म्हणजे बारीक मासोळीचं, कालवण खाल्लं. मी मीठ कमी घातलं होतं म्हणे.

मंगळवारी सकाळी चहा झाला म्हणून मी हाक मारली, तेव्हा ते अंगणात खाटेवर बसलेले होते. मांडीवर जाळं, हातात दोऱ्याची सुई. भिंतीला टेकून डोळा लागला असेल असं मला वाटलं. चहा निवेपर्यंत मला तसंच वाटत राहिलं.

पुढच्या तीन दिवसांत घरात माणसं मावत नव्हती. आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचा प्रयत्न फार वेळ टिकत नाही. पहिल्या दिवशी सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्बताबाई वलथरे, गावातली सगळ्यात म्हातारी, भिंतीला पाठ लावून म्हणाली, “मनिराम माणूस सोन्याचा. पण नाचणं काय नाचे माय, म्हैस घसरल्यावानी.” मग त्यांचं सुरू झालं. तो कसा स्वतःच्या लग्नात उशिरा पोचला, कारण वाटेत कोणाच्या तरी बोडीत, शेतातल्या तळ्यात, मासोळी उडाली. तो कसा मरळी घेऊन आला.

ती गोष्ट मी शंभरदा ऐकलेली. माझ्या जन्माच्या आगेमागे एका दुष्काळी साली लोकांनी तलावातली मरळ शेवटच्या पिल्लापर्यंत धरून विकली. पुढची सहा वर्षं तलावात मरळ दिसली नाही. मग बाबा आणि कवडूकाका चाळीस मैलांवरच्या एका तलावातून अकरा मरळी दोन घागरींत घालून एसटीने निघाले. कंडक्टरने विचारलं, घागरीत काय आहे. बाबा म्हणाले, गंगाजल. तेवढ्यात गंगाजलाने शेपटी मारून कंडक्टरचं पाकीट भिजवलं.

“अन् मंग दोघाइचं अन् अकरा मासोळ्याइचं तिकीट फाडलं त्यानं,” पार्बताबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि लगेच रडले. ते कोणाला वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी रोशन वलथरे आला. पार्बताबाईचा नातू, मत्स्य सोसायटीचा सचिव, बीएस्सी झालेला, खिशात कायम दोन पेनं. दारातच चपला काढून उभा राहिला.

“ताई, उद्याचं जाळं पुढं ढकलता येत नाही. पाणी फार गरम झालं.”

“ढकलू नका. बाबांनाही नसतं चाललं.”

“लोक म्हणतात, पाठ तुम्ही करावी. लेकीचं सुतक तीन दिवसांचं, उद्या तुम्ही मोकळ्या. तुमचा वाटा नाही, तुमचं कोणाशी वाकडं नाही. तुमच्याइतकं निष्पक्ष गावात कोण आहे?” मग म्हणाला, “माझं विचाराल तर मला ही पद्धतच पटत नाही. काटा लावा, वजन करा, मरळ व्यापाऱ्याला विका, आलेले पैसे सारखे वाटा. तलावाला कायले हिस्सा? पण ते पुढच्या मीटिंगला बोलू. उद्या मनिरामकाकांच्या पद्धतीनं होऊ द्या.”

मी हो म्हटलं. सोमवारी ज्यांना नाही म्हटलं होतं, ते आता समोर नव्हते.

तो गेल्यावर कवडूकाका आत आले. एरवी बाराही महिने तोंडात विडी असायची, ती नव्हती. कोपऱ्यातल्या बाबांच्या काठीकडे बघत ते म्हणाले, “पोरी, एक सांगतो. रागावू नको.”

“सांगा, काकाजी.”

“उद्या मी काठी उजव्या हातात धरीन. मरळीच्या ढिगाजवळ आलो की डाव्या हातात घेईन. डाव्या हातात हे कडं आहे.” त्यांनी मनगट पुढे केलं. पितळेचं जुनं कडं. “काठी कड्यावर वाजते. टण. ते वाजलं की तू म्हणजो, तलावाचा. बस.”

“बरं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. मी काहीतरी विचारीन अशी त्यांनी तयारी केली असावी. पण मला विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी अकरा वर्षांची असताना, अशाच मे महिन्यात, दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना, मी धानाच्या कणगीमागे बसून शाळेच्या पेटीतलं पुस्तक वाचत होते. अंगणात बाबा आणि कवडूकाका आले. त्यांनी सतरा गोवऱ्या ओळीने मांडल्या. बाबा गोवऱ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कवडूकाकांनी काठी धरली.

“हा कोणाचा?”

“खेमराजच्या बापाचा.”

“हा कोणाचा?” आणि काका खोकले.

“तलावाचा.”

“अरे नाही, हा खरा खोकला होता.”

“कवड्या, तू तर वर्षभर खोकतं. मी कसं ओळखू? दुसरं काही काढ.”

मग त्यांनी शिट्टी वाजवून पाहिली. पाय आपटून पाहिला. एकदा कवडूकाका ‘राम राम’ म्हणाले, तेव्हा बाबा म्हणाले, ढिगाले राम राम कोण घालते. शेवटी कोणाच्या तरी ध्यानात कडं आलं. त्यांनी ते सातदा करून पाहिलं, आणि सातव्यांदा जमल्यावर दोन मोठी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत अंगणात गोल फिरली.

दुसऱ्या दिवशी पाळीखाली कडं वाजलं, बाबा म्हणाले, तलावाचा. लोक म्हणाले, वा रे नशीब. आमच्या वाट्याला त्या साली बारीक कोळशी आल्या होत्या. मी त्या ताटात तशाच ठेवल्या. शाळेच्या पेटीतल्या पुस्तकांत सत्य बोलणारी माणसं होती, आणि माझा बाप गावाला फसवत होता. मी कोणाला काही बोलले नाही. त्यानंतर बाबांशीच कमी बोलू लागले. त्यांना वाटलं, पोरगी मोठी झाली. ते गावभर कौतुकाने सांगत, माझी वनू मोजकं बोलते.

शनिवारी सकाळी सहालाच जाळं पाण्यात पडलं. सोळा घरांची माणसं दोन्ही बाजूंनी ओढत होती. बायका चिखलात हात घालून राहिलेलं वेचत होत्या. कोणाची तरी चप्पल जाळ्यात आली, तेव्हा ती कोणत्या ढिगात घालायची यावर बराच काथ्याकूट झाला. आठ वाजता ढीग लागले. ते दोन म्हाताऱ्या लावत, नजरेच्या अंदाजाने, आणि एका ढिगातून दोन बोटरी उचलून दुसऱ्यात टाकताना सोन्याचा कस लावल्यासारखा चेहरा करत. मरळी एका टोपल्यात होत्या, ओल्या पोत्याखाली. पोतं हलत होतं. पाळीवर व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन थांबला होता.

मी ढिगांकडे पाठ केली. समोर डोह, त्याच्याभोवती भेगाळलेली माती, माझ्या पायांशी दोन कमळांची सुकलेली पानं. बाबांना इतकी वर्षं हेच दिसत असणार.

“हा कोणाचा?” कवडूकाकांचा आवाज घोगरा होता. आणि लगेच, टण.

इतक्यात? मी तोंड उघडलं. पण मागून काकांचा “आँ” असा बारीक आवाज आला, स्वतःवरच दचकल्यासारखा. मी घाईने म्हटलं, “पार्बताबाईचा.”

“बरा आहे,” पार्बताबाई म्हणाली. “दोन रोहू आहेत.”

“हा कोणाचा?” टण. टण.

“रघुनाथ मारबत्यांचा.”

“हा कोणाचा?” टणटणटण.

तेव्हा मला समजलं. काकांचा हात थरथरत होता. उजव्या हातातली काठी हलून डाव्या मनगटावर आपटत होती. चार दिवस त्यांनी धड खाल्लं नव्हतं, आणि ते वाजवत होते की वाजत होतं, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. आता प्रत्येक ढीग तलावाचा होता.

मी बाबांसारखं मनाला येईल ते नाव घेऊ शकले असते. उरलेल्या पंधरा ढिगांत एकदा मरळ तलावाला गेली असती, चौदा वेळा नसती. त्या नऊ मरळी टेम्पोत चढल्या असत्या, आणि पुन्हा कोणीतरी घागर घेऊन एसटीची वाट बघत बसलं असतं. त्याआधी दोन वर्षं कॉलेजात तलावांच्या पाहणीचा एक अहवाल माझ्या टेबलावर आला होता. आमच्या बाजूच्या चाळीस तलावांची यादी होती. मरळीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एक आडवी रेघ होती. कोसमडीपुढे लिहिलं होतं, ‘भरपूर’. तो शब्द मी कितीतरी वेळ बघत बसले होते. त्या दिवशी मी बाबांना फोन केला आणि विचारलं, पाऊस झाला का.

मी वळले.

“ताई, पाठ,” रोशन म्हणाला.

“नाही. आता पाठ नाही.” मी टोपल्याजवळ गेले आणि पोत्यावर हात ठेवला. खाली काहीतरी जोरात हललं. “हा तलावाचा. मी बघून सांगते आहे.”

कवडूकाका काठीवर वाकले होते, त्यांना खाली बसवावं लागलं.

“बाबाही दर वर्षी बघूनच सांगायचे,” मी म्हटलं. माझा आवाज मला स्वतःला फार मोठा वाटला. “डोळ्यांनी नाही, कानांनी. काठी कड्यावर वाजली की तलावाचा. दोघांनी मिळून ठरवलेलं होतं. नशीब वगैरे काही नव्हतं. त्यांनी तुम्हाला फसवलं.”

मग यशोदा, जिच्या मुलीचं मागच्या साली लग्न झालं होतं, हळूच म्हणाली, “मंग मागच्या साली मले मरळ लागली ते?”

“तेही. कडं वाजलं की तलावाऐवजी तुमचं नाव.”

“अन् आमच्या घरी जुळे झाले त्या साली?” मागून कोणीतरी विचारलं.

“अन् आमचं घर जळलं होतं तेव्हा?”

एकेक वर्ष निघू लागलं. लोक बोटांवर मोजत होते आणि मोजता मोजता हसायला लागले होते. रोशन मात्र हसत नव्हता.

“आमच्या घरी एकदाही आली नाही,” तो म्हणाला.

“आपल्या घरी ना लग्न झालं, ना घर जळलं,” पार्बताबाई म्हणाली. “दोन पेनाच्या वर आपल्याइथं काही घडतच नाही. तू लग्न कर, मंग पाहू.”

“आजी, ही फसवणूक आहे.”

“आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच सांगितली.”

तेवढ्यात खेमराज पुढे आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “औंदा माह्या पोरीचं लग्न आहे, वनूताई. पंधरा दिवसांवर. मनिरामकाकानं औंदा मलेच देल्या असत्या.”

हसणं थांबलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तीस वर्षांच्या हिशेबाने त्याचीच पाळी होती.

“नसत्या दिल्या, दादा,” मी म्हटलं. “सोमवारी ते माझ्याशी बोलले. म्हणाले, औंदा कोणाच्या घरी गेल्या तर संपलं. नऊच आहेत. मागच्या साली एकही सोडली नव्हती.”

“नऊच?” तो म्हणाला.

“मोजून बघा.”

त्याने पोतं उचललं आणि खरंच मोजल्या. काळ्याशार, हाताएवढ्या, कल्ले उघडझाप करणाऱ्या. मोजून झाल्यावर तो तसाच उकिडवा बसून राहिला. टेम्पोवाला पाळीवरून ओरडला, “होऊन राहिलं का नाही?”

“मरळीची जोडी पिल्लाइले दोन महिने राखते,” खेमराज शेवटी म्हणाला, कोणालाच न उद्देशून. “माणूस नाही राखत तेवढं.” मग उभा राहिला. “पण मंग पाहुण्याइले मी काय वाढू?”

“रोहू वाढ,” पार्बताबाई म्हणाली. तिने आपल्या ढिगातला मोठा रोहू शेपटीला धरून उचलला आणि जवळच्या एका ढिगावर फेकला. “हा ढीग खेमराजचा. कोणी विचारू नका, मी बघूनच सांगून राहिली. बाकीचे ढीग ज्याच्या समोर त्याचे. चला, एकेक टाका. लग्नाले येऊन खाणार तुम्हीच आहात.”

एकेक मासोळी पडू लागली. कोणी मोठी टाकली, कोणी हळूच लहान टाकली, आणि लहान टाकणाऱ्याला लगेच शेजारणीने टोकलं. रघुनाथ मारबत्यांनी जाळ्यातली चप्पल टाकायचा प्रयत्न केला. रोशन सगळ्यात शेवटी आला. त्याने दोन्ही पेनं खिशातून काढून शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि टोपल्याची एक कडा धरली.

“पुढच्या साली कोण ठरवणार?” त्याने मला विचारलं.

“तुम्हीच. समोर बसून.”

“भांडणं होतील.”

“होऊ दे,” खेमराज म्हणाला आणि दुसरी कडा धरली.

दोघांनी टोपलं डोहापर्यंत नेलं. मागे सगळं गाव. त्यांनी ते अलगद तिरपं केलं. पहिली मरळ उथळ पाण्यात क्षणभर तशीच पडून राहिली, मग पाठ वळवून गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या. नववी गेली तेव्हा पार्बताबाईने हात जोडले. मग बायका चुलीसाठी दगड शोधायला निघाल्या, आणि कोणाच्या ढिगात किती बोटरी यावर वाद सुरू झाला.

कवडूकाका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातली काठी अजून कड्यावर टणटणत होती. तो हात मी धरला, तेव्हा कडं वाजायचं थांबलं.

“तुले आधीपासून माहीत होतं,” ते म्हणाले. “काल मी सांगितलं तेव्हा तू काही विचारलंच नाही.”

“कणगीच्या मागे होते मी. गोवऱ्या मांडल्या होत्या तुम्ही.”

“अरे देवा.” ते पाण्याकडे बघत राहिले. “आम्ही आधी, मरळी सोडा असं सरळ सांगून पाह्यलं होतं, पोरी. सगळे हो म्हणाले. प्रत्येकाले वाटलं, दुसरा सोडील. एकानंही नाही सोडली. मंग हे काढलं. मनिराम म्हणे, गावाले कळलं तर जोडे खाऊ, काही नाही. पण वनूले कळू नये. तिले आपली लाज वाटंल.”

मागे कोणीतरी चूल पेटवली. धूर आमच्यापर्यंत आला. काका माझ्या हातातून हात सोडवून तिकडे गेले.

मी पाण्यात उतरले, घोट्यापर्यंत. पाणी खरंच गरम होतं. बाबा दर वर्षी ज्या बाजूला तोंड करून उभे राहात, त्या बाजूला मी तोंड केलं. आजूबाजूला माणसं होती आणि ती ऐकतील हे मला माहीत होतं.

“मला माहीत होतं, बाबा,” मी मोठ्याने म्हणाले. “अकरा वर्षांची होते तेव्हापासून. लाज वाटली मला तुमची. पुष्कळ वर्षं वाटली. मग एका दिवशी कळलं, आता वाटत नाही. तेव्हा यायला हवं होतं मी, तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. मी फोनवर पावसाचं विचारलं. आता सांगते. मला तुमची लाज वाटत नाही.”